उचलवेल आणि भिजली तरी टिकेल अशी पॉवर बँक

माझी पहिली ‘वॉटरप्रूफ’ पॉवर बँक गुडघाभर पाण्यात गेली. ओढा ओलांडत होते. फोन खिशात, पॉवर बँक कमरेच्या पाउचमध्ये आणि दोघांच्या मध्ये केबल. सकाळपासून नकाशा चालू होता, तेव्हा चालता चालताच फोन चार्ज करून घेऊ, ही माझी हुशारी. शेवाळलेल्या दगडावरून पाय सटकला, मी चक्क पाण्यात बसले आणि मोजून तीन सेकंदांत उठलेही. फोन वाचला. पॉवर बँकेचे चारही दिवे एकदम लागले, विझले आणि परत कधीच लागले नाहीत.

घरी आल्यावर तिचं खोकं शोधून काढलं. पुढच्या बाजूला थेंबांचं चित्र आणि ठळक ‘वॉटरप्रूफ’. मागच्या बाजूला, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात, ‘झाकण पूर्ण बंद असताना’. आता केबल जोडलेली असताना झाकण बंद कसं असणार? कंपनी खोटं बोलली नव्हती. मीच अर्धं वाक्य वाचून पैसे मोजले होते.

त्यानंतर आजवर चार पॉवर बँका वापरल्या. एक फुगली म्हणून निकालात काढली, एक धाकट्या भावाने ढापली, दोन अजून सॅकमध्ये असतात. सॅकमधल्या प्रत्येक वस्तूचं वजन वहीत लिहून ठेवायची मला सवय आहे (घरचे हसतात, हसू देत), त्यामुळे या बाबतीत थोडे आकडे हाताशी आहेत. दुकानात किंवा ऑनलाइन पॉवर बँक बघताना मी ज्या क्रमाने विचार करते, त्याच क्रमाने सांगते. बहुतेक लोक आधी ‘किती एमएएच?’ (म्हणजे क्षमता किती) विचारतात, मग ‘वॉटरप्रूफ आहे ना?’, आणि वजन घरी आल्यावर कळतं. मी आधी स्वतःची गरज मोजते, मग वजन बघते आणि पाण्याचा विचार सगळ्यात शेवटी करते. मात्र सगळ्यात जास्त वेळ त्यालाच देते.

आधी भूक मोजा

खोक्यावरचा एमएएचचा आकडा हा आतल्या सेलच्या व्होल्टेजवर मोजलेला असतो, म्हणजे साधारण ३.७ व्होल्टवर. बाहेर मात्र पॉवर बँक ५ व्होल्ट किंवा त्याहून जास्त देते. हे व्होल्टेज वर चढवताना थोडी ऊर्जा उष्णतेत जाते. म्हणून एमएएचमध्ये हिशोब करायला गेलं की गणित कधीच जुळत नाही. वॉट-अवरमध्ये, म्हणजे थेट ऊर्जेच्या मापात करा, जुळतं. १०,००० एमएएच गुणिले ३.७, भागिले १,००० म्हणजे ३७ वॉट-अवर. हे झालं आत साठलेलं. हातात पडतं ते साधारण ३० ते ३२. चांगल्या कंपन्या हे लपवत नाहीत. पॉवर बँकेच्या पाठीवर बारीक अक्षरात ‘रेटेड कपॅसिटी’ म्हणून वेगळा आकडा असतो, ५ व्होल्टला सहा हजार किंवा त्याच्या थोडा पुढेमागे. दहा हजाराची घेतली आणि सहाच हजार मिळाले म्हणून फसवणूक झाली असं वाटून घेऊ नका. उलट तो बारीक आकडा जिथे छापलेलाच नाही तिथे जरा थांबा.

आता खर्चाची बाजू. माझ्या फोनची बॅटरी ५,००० एमएएचची आहे. फोनच्या बॅटरीचं व्होल्टेज ३.८५ च्या आसपास असतं, म्हणजे साधारण १९ वॉट-अवर. डोंगरात मी फोन विमान मोडवर ठेवते, नकाशा आधीच उतरवून घेतलेला असतो, स्क्रीनचा उजेड कमी असतो. असं वापरलं तर दिवसाला चाळीसेक टक्के जातात, म्हणजे ८ वॉट-अवरच्या आत. (विमान मोड चालू केला नाही तर मात्र फोन रेंज शोधत बसतो आणि खिशातल्या खिशात दुपारपर्यंत गळून जातो. फोन पुन्हा पुन्हा चार्ज करण्यापेक्षा त्याची भूक कमी ठेवणं स्वस्त पडतं.) चार दिवसांचे झाले तीसच्या आसपास. निघताना फोन भरलेला असतो. अडीअडचणीसाठी वीस टक्के राखून ठेवले तरी त्यातले पंधरा मिळतात. उरलेले पंधरा पॉवर बँकेतून हवेत, आणि चार्ज होतानाची गळती धरून सतराअठरा. हेडटॉर्च एकदा भरायचा तर ५. मनगटावरचं जीपीएस घड्याळ दीडेक वॉट-अवरचं, दोनदा भरलं तर ३. बेरीज पंचवीस-सव्वीस. दहा हजाराची पॉवर बँक ३१ देते. चार दिवस निभावले आणि वर थोडं उरलं.

हे गणित तुमच्या वस्तू धरून एकदा कागदावर करा. वरवर सांगायचं तर दोन दिवसांना ५,००० पुष्कळ, चार-पाच दिवसांना १०,०००, आठवड्याला २०,०००. ॲक्शन कॅमेरा असेल तर त्याच्या प्रत्येक बॅटरीचे सहासात वॉट-अवर धरा, आणि मोठ्या कॅमेऱ्याची बॅटरी असेल तर तिच्यावरच वॉट-अवर छापलेले असतात, ते बघा.

आठवड्याच्या फिरतीला मी वीस हजाराची एक घेण्यापेक्षा दहा हजाराच्या दोन घेते. हलक्यातल्या घेतल्या तर वजन जवळपास तेवढंच होतं, दोन प्लग मिळाले तर दोन्ही एका वेळी भरतात, सोबत्याकडे एक देता येते. आणि एक ओढ्यात गेलीच, तर दुसरी असते.

वजन: इथे खोटेपणा लगेच पकडता येतो

माझा भाऊ एकदा मोठ्या उत्साहाने फोन नाचवत आला. “ताई, ही बघ. पन्नास हजार एमएएच, वॉटरप्रूफ, वर सोलर. आणि वजन फक्त तीनशे ग्रॅम!”

“अरे, मग आत काय भरलंय, हवा?”

त्याला खरंच वाटलं मी चेष्टा करतेय. मग वहीवर गणित मांडून दाखवलं. पॉवर बँकेचं वजन म्हणजे मुख्यतः सेलचं वजन. आज वापरात असलेल्या चांगल्या लिथियम-आयन सेलमध्ये किलोमागे अडीचशेच्या आसपास वॉट-अवर मावतात. उदाहरणार्थ, २१७०० नावाचा गोल सेल. २१ मिलिमीटर व्यास, ७० मिलिमीटर लांबी, ५,००० एमएएच आणि वजन साधारण ७० ग्रॅम. दहा हजारासाठी असे दोन लागतात, म्हणजे सेलचेच १४० ग्रॅम. त्यावर सर्किट, पोर्ट, कवच. म्हणून दहा हजाराची पॉवर बँक दीडशे ग्रॅमच्या खाली फारशी जाऊच शकत नाही. कार्बन फायबरच्या कवचातली नाइटकोर एनबी१०००० बरोबर १५० ग्रॅमची आहे, आणि सॅकचा ग्रॅम-ग्रॅम मोजणाऱ्या लोकांमध्ये ती एवढी प्रसिद्ध आहे ती याचमुळे. साध्या प्लास्टिकच्या कवचातल्या १८० ते २२० ग्रॅमच्या असतात. जाड रबराचं चिलखत घातलेल्या, झाकणवाल्या अडीचशे-तीनशेच्या घरात जातात.

आता भावाची पन्नास हजारवाली. १८५ वॉट-अवर तीनशे ग्रॅममध्ये, म्हणजे किलोमागे सहाशेच्या वर. असा सेल बाजारात नाही. शिवाय विमानात १६० वॉट-अवरच्या वरची पॉवर बँक नेताच येत नाही. म्हणजे ती खरी असेल तर विमानात चालणार नाही, आणि विमानात चालण्याएवढी असेल तर खरी नाही.

हा हिशोब दुकानात उभ्या उभ्या करता येतो. एमएएचला ३.७ ने गुणा, हजाराने भागा, मग किलोमधल्या वजनाने भागा. दीडशे ते दोनशे आलं तर नेहमीची, प्रामाणिक पॉवर बँक. अडीचशेच्या जवळ आलं तर उत्तम आणि बहुधा महाग. त्याच्या बरंच वर गेलं तर पान उलटा.

लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी सेलच्या पॉवर बँकाही मिळतात. त्या जास्त सुरक्षित असतात आणि जास्त वेळा भरता येतात, पण तेवढ्याच ऊर्जेला वजन आणि आकार बराच जास्त. गाडीत ठेवायला छान. पाठीवर मी घेणार नाही.

वजनात केबलही धरा. मीटरभर जाड केबल स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून बघा, चाळीस ग्रॅमपर्यंत जाते. वीतभर केबल तेच काम करते. आणि ज्या गोष्टी ‘वर फुकट’ म्हणून येतात, त्यांचंही वजन तुमच्याच खांद्यावर असतं. टॉर्च, होकायंत्र, कडी, स्क्रीन, वायरलेस चार्जिंगची तबकडी. वायरलेसमध्ये तर ऊर्जेचा चांगलाच भाग गरम होण्यात जातो. डोंगरात एकेक वॉट-अवर मोजायचा आणि तो असा फुंकायचा, हे मला पटत नाही.

सोलरबद्दल तर भांडायची माझी तयारी आहे. पॉवर बँकेच्या पाठीवर चिकटवलेला तळहाताएवढा पॅनेल कडक उन्हात, सूर्याला अगदी सरळ धरला, तर एक-दीड वॉट देतो. ३७ वॉट-अवर भरायला पंचवीस ते सदतीस तास कडक ऊन हवं, गळती सोडूनच. आणि तेवढा वेळ लिथियमचा सेल उन्हात भाजत ठेवायचा, जे त्याला सगळ्यात वाईट. खरंच सूर्यावर चार्ज करायचं असेल तर वेगळा घडीचा पॅनेल घ्या आणि पॉवर बँक त्याच्या सावलीत ठेवा.

पाणी: अक्षरांकडे नाही, आकड्याकडे बघा

‘वॉटरप्रूफ’, ‘वॉटर रेझिस्टंट’, ‘ऑल वेदर’ हे सगळे शब्द जाहिरातीचे. अर्थ असतो तो आयपी कोडला. हा आयईसी ६०५२९ या आंतरराष्ट्रीय मानकातला कोड आहे. आयपीनंतरचा पहिला आकडा धुळीचा, ० ते ६. दुसरा पाण्याचा. आकड्याच्या जागी एक्स असेल तर त्या बाबतीतला आकडा सांगितलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. आयपीएक्स७ म्हणजे धुळीचं काही ठरलेलं नाही, पाण्याचं ७. एक्स म्हणजे काहीतरी खास, असं समजणारे मी पाहिलेत.

पाण्याचा ४ म्हणजे कुठूनही उडालेले शिंतोडे चालतील. ५ म्हणजे ६.३ मिलिमीटरच्या तोटीतून मिनिटाला साडेबारा लिटरच्या धारेने सगळ्या बाजूंनी मारलं तरी चालेल. ६ म्हणजे धार आणखी जोराची, साडेबारा मिलिमीटरच्या तोटीतून मिनिटाला शंभर लिटर. ७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास. ८ म्हणजे त्याहूनही कठीण, पण किती खोल आणि किती वेळ ते कंपनी ठरवते, म्हणून ८ दिसला की खालची ओळ वाचायची.

इथे एक गंमत आहे जी पहिल्यांदा कळली तेव्हा मला दोनदा वाचावी लागली होती. ७ वाली वस्तू ५ ची परीक्षा आपोआप पास झाली असं नाही. स्थिर पाण्यात बुडून राहणं आणि जोराची धार अंगावर घेणं या वेगळ्या परीक्षा आहेत. दोन्ही दिल्या असतील तर कोडमध्ये दोन्ही लिहितात, आयपीएक्स५/आयपीएक्स७ असं. वाऱ्याने आडवा मारणारा पाऊस हा ५ च्या जवळचा प्रकार, ओढ्यात पडणं हा ७ च्या जवळचा.

आणि या सगळ्या परीक्षा नव्याकोऱ्या वस्तूवर, गोड्या, स्वच्छ पाण्यात होतात. समुद्राचं पाणी, साबण, घाम, चिखल यांच्याबद्दल हा आकडा काहीही सांगत नाही. वस्तू दोनदा दगडावर आपटून रबर थोडं सरकल्यानंतर काय होतं, तेही सांगत नाही.

पाणी शिरतं कुठून? कवचातून क्वचितच. ते शिरतं पोर्टमधून. म्हणून पोर्टाचं काय केलंय ते आधी बघा. एक प्रकार झाकणाचा. पोर्टावर रबरी बूच, दाबून बसवायचं. बंद असेपर्यंत फार चांगलं, बहुतेक आयपी६७ पॉवर बँका अशाच. पण बुचाच्या कडेवर वाळूचा एक कण किंवा एक केस अडकला तरी तिथून पाणी आत जातं, आणि बुचाचा तो पातळ रबरी पट्टा दोनेक वर्षांत तुटतो. विकत घेताना बूच दहा वेळा उघडून लावून बघा. नखाने उघडतं का, की दात लावावे लागतात? थंडीने बोटं बधिर झाल्यावर काय होईल? बुचाचा पट्टा नुसता चिकटवलाय की कवचात अडकवलाय?

दुसरा प्रकार उघड्या पोर्टाचा. बाहेरून बूच नाही, पण पोर्टाच्या मागचा भाग आतून सील केलेला. पोर्टात पाणी जातं, सर्किटपर्यंत जात नाही. झटकलं, वाळवलं की झालं. मघाची १५० ग्रॅमची नाइटकोर आयपीएक्स५ आहे आणि याच प्रकारातली आहे. बूच विसरण्याचा प्रश्नच नाही, म्हणून माझ्यासारख्या धांदरट माणसाला हा प्रकार जास्त मानवतो.

पण, आणि हा पण मोठा आहे, दोन्ही प्रकारांत ओल्या पोर्टात केबल घालायची नाही. सीलमुळे आतलं सर्किट वाचेल, पोर्टातल्या धातूच्या पट्ट्या नाही वाचणार. त्यांच्यात पाणी आणि वीज एकत्र आली की धातू झिजायला लागतो, हिरवट-काळा थर येतो, मग केबल हलवून हलवून चार्ज करावं लागतं. तीच गोष्ट फोनकडच्या टोकाची. पॉवर बँक भिजू न देणं हे तुमचं काम. चुकून भिजलीच तर टिकणं हे तिचं. आयपीचा आकडा अपघातासाठी आहे, पावसात चालताना चार्ज करायला नाही. माझ्या त्या पहिल्या पॉवर बँकेला हे समजावून सांगायला उशीर झाला.

म्हणून पायी फिरणाऱ्याला माझा सल्ला असा, की आयपीएक्स४ किंवा ५ ची हलकी पॉवर बँक घ्या आणि उरलेलं काम पिशवीला करू द्या. तोंड गुंडाळून बंद करायची छोटी ड्राय बॅग वीस-तीस ग्रॅमची असते. आयपी६७ च्या चिलखताला त्याहून कितीतरी जास्त वजन लागतं, आणि ड्राय बॅगेत केबल, हेडटॉर्च, कागदपत्रंही मावतात. तोंड तीनदा तरी गुंडाळायचं, दोनदा पुरत नाही. नव्या बॅगेची परीक्षा घरीच घ्या. आत टिश्यू पेपरची घडी आणि वजनाला एक दगड ठेवा, बॅग बादलीत बुडवा आणि अर्ध्या तासाने टिश्यू बघा. झिपची प्लास्टिक पिशवीही चालते, पण झिपच्या खाचेत माती बसली की ती बंद झाल्यासारखी दिसते, होत नाही. दोन पिशव्या एकात एक घाला.

कयाक, राफ्ट, समुद्रकिनारा, म्हणजे जिथे सामान पाण्यात पडणं हा अपघात नसून दिनक्रम असतो, तिथे मात्र झाकणवाली आयपी६७ घ्या, वजन सोसा आणि तरीही ड्राय बॅगेत ठेवा. किनाऱ्यावर धुळीचा आकडाही महत्त्वाचा, तिथे एक्स चालणार नाही. खारं पाणी लागलं तर झाकण बंद ठेवूनच गोड्या पाण्याने धुवा आणि पुसा.

पोर्ट आणि चार्जिंगचे बारकावे

यूएसबी-सी पोर्ट दोन्हीकडून चालणारं हवं, म्हणजे त्यातूनच भरता येईल आणि त्यातूनच देता येईल. मायक्रो-यूएसबीने भरणारी आता घेऊ नका, एका वस्तूसाठी वेगळी केबल वागवावी लागते. भरण्याचा वेग बघा, देण्याचा वेग सगळेच छापतात. वाटेत कुठे दोनतीन तास वीज मिळाली तर १० वॉटने भरणारी दहा हजाराची पॉवर बँक त्यात निम्मीच्या थोडी पुढे जाते, १८-२० वॉटने भरणारी जवळपास पूर्ण. पण त्यासाठी चार्जरही तेवढा लागतो, तो विसरू नका.

आता दोन खोड्या, ज्या खोक्यावर कधीच लिहिलेल्या नसतात.

एक. माझ्या हेडटॉर्चला यूएसबी-सी पोर्ट आहे. दोन्हीकडे सी असलेली केबल लावली की तो चार्जच होत नाही. मला वाटलं टॉर्च बिघडला. बिघडला नव्हता. सी-पोर्टमध्ये ‘मला वीज दे’ असं सांगणारे दोन छोटे रोधक (रेझिस्टर) असावे लागतात, आणि स्वस्त वस्तूंमध्ये बनवणारे ते गाळतात. मग समोरचं सी-पोर्ट वीज सोडतच नाही. जुन्या चपट्या ए-पोर्टातून सी केबल लावली की तोच टॉर्च निमूट भरतो. म्हणून पॉवर बँकेला एक तरी ए-पोर्ट असलेलं बरं, आणि निघण्याआधी प्रत्येक वस्तू त्याच केबलने, त्याच पॉवर बँकेवर चार्ज करून बघा.

दोन. घड्याळ, इअरबड अशा वस्तू इतका थोडा प्रवाह घेतात की पॉवर बँकेला वाटतं, काही जोडलेलंच नाही, आणि ती काही वेळाने बंद पडते. चांगल्या पॉवर बँकेत यासाठी कमी प्रवाहाचा मोड असतो, बहुधा बटण दोनदा दाबून किंवा दाबून धरून लागतो. घड्याळ वापरत असाल तर हा मोड आहे की नाही ते विचाराच.

बटण सहज दाबलं जाणारं, वर आलेलं नको. सॅकमध्ये रात्रभर टॉर्च चालू राहून रिकामी झालेली पॉवर बँक मी बघितली आहे. माझी नव्हती, पण रात्र आम्ही एकाच तंबूत काढली.

थंडी

लिथियम सेल थंडीत आळसावतो. शून्याखाली गेलं की भरलेली पॉवर बँकही अर्धीमुर्धी असल्यासारखी वागते. ऊब मिळाली की बरंचसं परत येतं. त्यामुळे थंड जागी रात्री पॉवर बँक आणि फोन दोन्ही स्लीपिंग बॅगमध्ये, पायाशी. तिथे ठेवायचं, चार्जिंग करायचं नाही. चार्ज होताना दोन्ही गरम होतात आणि कापडात गुंडाळलेल्या उष्णतेला जायला जागा नसते. शून्याच्या खाली असताना पॉवर बँक स्वतः भरायची नाही. गारठलेल्या सेलमध्ये भरताना लिथियम धातूच्या रूपात साचतो आणि ते नुकसान ऊब मिळाल्यावरही भरून येत नाही. सोलर पॅनेल घेऊन बर्फात जाणाऱ्यांनी हे खास लक्षात घ्यावं.

आणखी एक पाणी इथे लपलेलं असतं. गारठलेली पॉवर बँक एकदम उबदार खोलीत आणली की तिच्यावर, पोर्टाच्या आतही, दव धरतं. आयपीएक्स काहीही असो. पिशवीतच राहू द्या, खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग केबल लावा.

विमानाने जाणार असाल तर

पॉवर बँक हातातल्या सामानातच, चेक-इनच्या बॅगेत कधीच नाही. १०० वॉट-अवरपर्यंत सहसा वेगळी परवानगी लागत नाही, १०० ते १६० ला विमान कंपनीची लागते, त्यावर नाही. ३.७ व्होल्टने २७,००० एमएएच म्हणजे ९९.९ वॉट-अवर. सत्तावीस हजाराच्या पॉवर बँका का निघतात, ते इथे कळतं. वॉट-अवर पॉवर बँकेवर वाचता येतील असे छापलेले हवेत. घासून पुसट झाले असतील तर तपासणीत अडकता. २०२५च्या जानेवारीत दक्षिण कोरियात गिमहे विमानतळावर विमानाला आग लागली, त्यानंतर तिथे पॉवर बँक डोक्यावरच्या कप्प्यात ठेवायला बंदी आली, आणि इतरही काही विमान कंपन्यांनी प्रवासात ती वापरण्यावर बंधनं आणली. नियम बदलत आहेत, तेव्हा तिकिटासोबत तेही वाचा. चीनमध्ये २०२५च्या जूनअखेरपासून देशांतर्गत विमानांत ३सी हे तिथल्या सुरक्षा-प्रमाणपत्राचं चिन्ह नसलेली पॉवर बँक चालत नाही.

घरी आणल्यावर

आधी काट्यावर ठेवा. खोक्यावरच्या वजनापेक्षा दहा-पंधरा ग्रॅम इकडेतिकडे ठीक, त्याहून बरीच हलकी निघाली तर मघाचं गणित परत करा. मग पूर्ण भरून एकदा पूर्ण रिकामी करा. यूएसबी मीटर नावाची अंगठ्याएवढी वस्तू मिळते, केबल आणि पॉवर बँकेच्या मध्ये लावली की किती वॉट-अवर बाहेर आले ते दाखवते. दहा हजारातून ३० आले की मी खूश. २२-२३ आले तर परत करायची मुदत संपायच्या आत पाठवून द्या. चार्ज होताना हाताला कोमट लागणं ठीक, धरवत नसेल तर नाही.

मॉडेल नंबर कंपनीच्या परत मागवलेल्या मालाच्या यादीत आहे का, तेही बघा. चांगल्या नावावर डोळे मिटून जाऊ नका. २०२५च्या जूनमध्ये एका नावाजलेल्या कंपनीला अमेरिकेत दहा हजार एमएएचच्या दहा लाखांहून जास्त पॉवर बँका आगीच्या धोक्यामुळे परत मागवाव्या लागल्या.

भिजली तर बटण दाबून ‘चालू आहे का’ बघायचा मोह आवरा. केबल काढा, पोर्ट खाली धरून झटका, पुसा आणि पोर्ट खालीच राहील अशी हवेशीर जागी एक दिवस ठेवा. शेकोटी नको, हेअर ड्रायर नको. तांदळाच्या डब्यात तर नकोच, त्याने पाणी फारसं शोषलं जात नाही, पोर्टात भुकटी मात्र जाते. आयपी रेटिंग नसलेली पूर्ण बुडाली असेल तर वाळल्यावर चालू झाली तरी माझा तिच्यावर विश्वास राहत नाही. कवच फुगलं, वास आला, काहीही न जोडता गरम लागली, तर वापर तिथेच थांबवायचा. भोक पाडायचं नाही, कचऱ्यात टाकायची नाही, ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यायची. माझी फुगलेली मी त्यांच्याकडे जाईपर्यंत बाल्कनीत पत्र्याच्या डब्यात, वाळूवर ठेवली होती.

फिरून आल्यावर भरून ठेवू नका आणि रिकामीही ठेवू नका. दिवे चार असतील तर दोन लागतील एवढी भरा आणि थंड, कोरड्या कपाटात ठेवा. माझ्या दोन्हींच्या पाठीवर पांढरी चिकटपट्टी आहे, तिच्यावर शेवटचं कधी भरलं त्याची तारीख पेन्सिलने लिहिलेली असते. तीन महिने उलटले की काढून बघते, एकच दिवा राहिला असेल तर दोन करते आणि तारीख खोडून नवी लिहिते.